रूथ शेजारीच उभी होती

सोलापूरच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. पत्र लांब आहे आणि घरच्या माणसांची ओळख पटेल असे तपशील त्यात आहेत. ते वगळून त्यांच्याच शब्दांत सारांश देते.

"ताई, मी ४४ वर्षांची, शाळेत शिक्षिका आहे. वडील मिलमध्ये होते. मी बारा वर्षांची असताना ते अचानक गेले. मातीला महिनाही झाला नव्हता, तेव्हा काका एक कागद घेऊन आले. 'घरपट्टीवर नाव लावायचंय वहिनी, सही करा,' म्हणाले. आईने केली. ते हक्कसोडपत्र होतं. दोन वर्षांत आम्ही मायलेकी पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत आलो. आई विड्या वळायची, मी आणि धाकटी बहीण रात्री पानं कापून द्यायचो. काका तेव्हा चर्चच्या मंडळीच्या पंचांत होते, दर रविवारी पहिल्या बाकावर. सगळ्यांना माहीत होतं. कुणी काही बोललं नाही.

आज माझं सगळं ठीक आहे. नवरा सज्जन आहे. पण त्याच्या मोबाईलवर बँकेचा मेसेज आला की तो झोपल्यावर मी वाचते. जाऊ भाजीचा डबा पाठवते, तर मनात येतं, हिला काय हवंय? गेल्या महिन्यात दीर सासूबाईंच्या सहीसाठी कागद घेऊन आले. मी न वाचता फाडला, सगळ्यांसमोर. तो नळजोडणीचा अर्ज होता. मुलगा अकरावीत आहे. तो म्हणाला, 'आई, तुला सगळीकडे काकाआजोबाच दिसतात.' तेव्हापासून मला नीट झोप नाही.

आता काकांना अर्धांगवायू झालाय. चुलत भाऊ फोन करतो, 'बाबा तुझं नाव काढतात, येऊन जा.' चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, क्षमा केल्याशिवाय प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घेऊ नका. बहीण म्हणते, कोर्टात जा. मी वर्षानुवर्षं एकच प्रार्थना करते, 'प्रभू, मला क्षमा करायला शिकव.' नजर काही बदलत नाही. माझा विश्वासच खोटा आहे का? काकांकडे जाऊ की नको?"

ताई, जय ख्रिस्त.

एक गोष्ट सगळ्यांत आधी सांगते, कारण ती आजवर कुणी तुम्हाला तोंडावर सांगितलेली दिसत नाही. तुमच्या आईची फसवणूक झाली. नुकताच नवरा गेलेल्या बाईकडून खोटं सांगून घराच्या कागदावर सही घेणं ही चोरी आहे. घेणारा दर रविवारी पुढच्या बाकावर बसतो म्हणून ती लहान होत नाही. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय काढा. सभास्थानात मानाच्या जागा ज्यांना आवडतात, जे विधवांची घरं गिळतात आणि दाखवायला लांबलचक प्रार्थना करतात, त्यांच्यापासून जपा, असं येशू भर मंदिरात सांगतो. या तिन्ही गोष्टी तो एका दमात बोलतो, आणि अशांना शिक्षा अधिक होईल असंही म्हणतो. त्याच्या लगेच पुढे दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी कमी किमतीची नाणी, टाकणारी गरीब विधवा येते. तिच्यावर आपल्याकडे दरवर्षी दानाचा संदेश होतो. तिच्या आधीच्या तीन ओळी मात्र क्वचितच कुणी मोठ्याने वाचतं. त्या वाचल्या असत्या, तर तुमच्या लहानपणी त्या मंडळीत एखाद्या तरी माणसाला तोंड उघडावं लागलं असतं. तुमच्यावर जे झालं त्याला प्रभूने नाव देऊन ठेवलंय, ताई. तुम्ही राईचा पर्वत करत नाही आहात.

आता तुमच्या मुलाचं वाक्य. ते तुम्हाला लागलंय, पण माझ्या मते तुमच्या घरात तुमचं दुःख सगळ्यांत नेमकं त्या पोराने ओळखलंय. त्याने 'तू संशयी आहेस' असं म्हटलं नाही. तुम्हाला काय दिसतं, ते त्याने सांगितलं. बारा वर्षांच्या मुलीला एका महिन्यात एक धडा मिळाला होता: आपलं माणूस, गोड बोलणं, हातात कागद, म्हणजे घर जाणार. तेव्हा तो धडा खरा होता. सोलापूरच्या पूर्वभागात यंत्रमागांच्या शेजारी ज्यांची हयात गेली, ती माणसं माग बंद असला, समोरचा हाताच्या अंतरावर बसलेला असला, तरी ओरडूनच बोलतात. आवाज थांबलाय हे त्यांना कळतं, गळ्याला कळत नाही. तुमचंही तसंच झालंय. दिरांच्या हातातला कागद बघून जी उठली, ती तुमच्यातली बारा वर्षांची मुलगी होती, आणि आईला वाचवायला ती यावेळी वेळेवर पोहोचली होती. तिच्यावर रागावू नका. पण घर तिच्या हाती सोपवूनही चालणार नाही, कारण तिला माणसं ओळखता येत नाहीत. तिला फक्त काका ओळखता येतात.

तुमचा खरा प्रश्न विश्वासाने नजर बदलते का, हा आहे. बदलते. पण आपल्याला प्रार्थनासभेत सांगतात तशी नाही. त्यासाठी बायबलच्या रूथ पुस्तकातली नामीची गोष्ट नीट वाचायला हवी.

बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून नामी नवरा आणि दोन मुलांना घेऊन मवाबात गेली. तिथे नवरा गेला, मग दोन्ही मुलं गेली. सुमारे दहा वर्षांनी ती परत आली, तेव्हा गावच्या बायका गोळा झाल्या आणि म्हणाल्या, ही नामीच ना? ती म्हणाली, भरलेली गेले होते, परमेश्वराने मला रिकामी परत आणलं. ती हे बोलत होती तेव्हा रूथ तिच्या शेजारीच उभी होती. आपला देश, आपली आई, आपली दैवतं सोडून 'तू जाशील तिथे मी येईन' म्हणणारी सून, इतकी वाट पायी तुडवून आलेली, आणि सासू चारचौघींत सांगते की मी रिकामी आले! रूथला काय वाटलं असेल, हे शास्त्रात लिहिलेलं नाही. पण नामी खोटं बोलत होती असं मला वाटत नाही. तिला खरंच रूथ दिसत नव्हती. तीन मयतींच्या पलीकडचं काही दिसावं एवढी तिची नजर पोहोचतच नव्हती.

तुमचं पत्र पुन्हा वाचा. त्यात नवऱ्याबद्दल एकच वाक्य आहे, 'नवरा सज्जन आहे', आणि लगेच पुढे 'पण'. जावेबद्दल तर डबा सोडून काहीच नाही. ती दिसते कशी, तिला काय दुखतं-खुपतं, तिचं माहेर कुठलं, काही नाही. तुम्ही तिच्यावर अन्याय करताय असं मी म्हणत नाही. ती अजून तुम्हाला दिसलीच नाही, एवढंच म्हणते.

नामीला देवाने रागावलं नाही, हेही लक्षात घ्या. ती देवावर उघड तक्रार करत होती, आणि ती तक्रार जशीच्या तशी शास्त्रात राहिली. कुणी तिला उपदेश केला नाही, 'विश्वास कमी पडतोय' म्हटलं नाही. मग तिची नजर फिरली केव्हा? दुसऱ्या अध्यायात. रूथ दिवसभर शेतात सरवा वेचून संध्याकाळी जवाचं धान्य घेऊन घरी येते, आणि नामी तिला पहिल्यांदा एक साधा प्रश्न विचारते: आज तू सरवा कुठे वेचलास? गावी परतल्यापासून तोवर नामी स्वतःचंच बोलत होती. त्या संध्याकाळी तिने समोरच्या माणसाचा दिवस कसा गेला, हे विचारलं. उत्तरात बवाजाचं, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या नात्यातल्या त्या शेतमालकाचं, नाव आलं, आणि तिथून नामीच्या तोंडची भाषाच बदलली. ज्या परमेश्वराने मला रिकामी केलं असं ती म्हणत होती, त्याच परमेश्वराची दया जिवंतांवर आणि मेलेल्यांवर आहे, असं ती म्हणू लागली. तिची मेलेली माणसं परत आलेली नव्हती, घरात एका दिवसात वेचलेलं धान्य आलं होतं.

म्हणून माझा पहिला सल्ला अगदी छोटा आहे. मनाने निकाल देण्याआधी एक प्रश्न विचारा, तोंडाने, समोरच्याला. 'हिला काय हवंय' हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारता, आणि उत्तर काका देतात. तो जावेला विचारा. डबा परत देताना मोकळा देऊ नका, त्यात शेंगाचटणी घालून द्या आणि विचारा, बाई, एवढ्या उन्हात तू कधी उठून हे करतेस? बघा ती काय सांगते. तिला खरोखरच काही हवं असेल, तर तेही कळेल. हवं असणं हा गुन्हा नाही. कदाचित तिला तुमच्याशी बोलायचं असेल.

तुम्ही म्हणता, वर्षानुवर्षं प्रार्थना करूनही नजर बदलत नाही, म्हणजे माझा विश्वास खोटा. इथे पुन्हा मार्कच्याच शुभवर्तमानातला बेथसैदाचा आंधळा बघा, आठवा अध्याय. ही गोष्ट बाकीच्या तीन शुभवर्तमानांत नाही. येशूने त्याच्या डोळ्यांवर हात ठेवले आणि विचारलं, तुला काही दिसतं का? तो म्हणाला, माणसं दिसतात, पण ती झाडांसारखी दिसतात आणि चालतात. मग येशूने दुसऱ्यांदा हात ठेवले, तेव्हा त्याला सगळं स्वच्छ दिसू लागलं. प्रभूचा हात लागल्यावरही अर्धवट दिसू शकतं, हे शास्त्राने लपवलेलं नाही. त्या अर्धवट दिसण्याबद्दल त्या माणसाला बोलही लागला नाही. मला तर त्याचं धाडस मोठं वाटतं. गावाबाहेर प्रत्यक्ष प्रभू समोर उभा असताना, भिडेपोटी 'हो, दिसलं' म्हणणं किती सोपं होतं. तसं म्हणाला असता तर जन्मभर झाडंच बघत राहिला असता.

आपल्या मंडळ्यांमध्ये अर्धवट दिसण्याची साक्ष द्यायला जागाच ठेवलेली नाही, याचं मला फार वाईट वाटतं. साक्ष म्हटली की शेवटी विजय हवाच. 'प्रभूने मला त्या दुःखातून पूर्ण सोडवलं' हे वाक्य आल्याशिवाय माईक खाली ठेवता येत नाही. ज्याचं दुःख अजून सुटलेलं नाही तो मग गप्प बसतो, आणि स्वतःलाच खोटा समजू लागतो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र आक्रोशाने सुरू होतं आणि काळोखात संपतं. शेवटच्या ओळीतही उजेड नाही. तरी ते प्रार्थनाच आहे आणि शास्त्रातच आहे.

तुमची प्रार्थना मी पुन्हा पुन्हा वाचली. 'मला क्षमा करायला शिकव.' प्रार्थना चांगली आहे, पण ती निकालाची प्रार्थना आहे, आणि खटला तर तुम्ही प्रभूपुढे मांडलेलाच नाही. पानं कापताना रात्री हातांना काय व्हायचं, आई सही केलेल्या त्या दिवसाबद्दल पुढे कधी बोलली का, मंडळीतल्या कोणत्या बाईने तुमच्याकडे बघून मान फिरवली, हे तुम्ही त्याला कधी सांगितलंत? त्याला माहीत आहे, हे मलाही कळतं. त्या आंधळ्याला दिसतं की नाही, हेही त्याला माहीत होतं. तरी त्याने विचारलं. तेराव्या स्तोत्रासारखं 'कोठवर' असं विचारत, एकटं बसून, मोठ्याने सांगा. रडू आलं तर येऊ द्या. क्षमेचं त्या दिवशी काही मागू नका.

सांगून झाल्यावर पुढची पायरी आहे, आणि ख्रिस्ती विश्वासाचं खरं काम मला तिथेच दिसतं. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो, सूड तुम्ही उगवू नका, देवाच्या क्रोधाला वाट द्या, फेड करणं त्याच्याकडे आहे. हे वाक्य आपण नेहमी रागावलेल्या माणसाला गप्प करायला वापरतो. मला ते राखणीला बसलेल्या माणसाची सुटका वाटतं. बारा वर्षांच्या असल्यापासून तुम्ही जाग्या आहात. काकांचा हिशेब कुणी विसरू नये म्हणून तो तुम्ही रोज उघडून बघता, आणि तोच उघडलेला हिशेब मध्ये धरून नवऱ्याकडे, दिरांकडे, जावेकडे बघता. तो हिशेब पुसून टाका, असं देव म्हणत नाही. तो माझ्याकडे दे, असं म्हणतो. तुम्ही विसरलात तरी तो विसरणार नाही, एवढा भरवसा बसला की डोळे दुसरीकडे वळवता येतात. हा भरवसा एका रात्रीत बसत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचंच बघा. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंचं जग कोसळलं. त्या काही काळ वेगळ्या राहिल्या, मग पतीकडे आल्या तरी आपलं सोवळं सांभाळून राहिल्या, आणि त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. मधल्या वर्षांत एकेक गाठ त्यांनी स्वतःच्या बुद्धीने आणि स्वतःच्या वेगाने सोडवली. कुणी तारीख ठरवून दिली असती तर त्या आल्याच नसत्या, असं मला वाटतं.

झोपेचं मात्र लांबणीवर टाकू नका. महिनाभर झोप नाही, रात्री उठून मोबाईल तपासणं, कागद दिसला की अंगात लाट येणं, याला वैद्यकीय मदत मिळते आणि ती घेण्यात अविश्वास नाही. सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. तिथवर जायला संकोच वाटत असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

प्रभुभोजनाबद्दल मी पाळकसाहेबांशी सहमत नाही, आणि ते वाचतील हे धरूनच लिहिते आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात 'माणसाने आत्मपरीक्षण करावं आणि मग भाकर खावी' असं आहे, हे खरं. पण पौल तिथे कुणावर चिडलाय? मंडळीत काही जण पोटभर खातात-पितात आणि गरिबांना उपाशी ठेवून त्यांना लाजवतात, त्यांच्यावर. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला मेजावरून उठवा, असं त्या अध्यायात कुठेही नाही. इतकी वर्षं काकांना पहिल्या बाकावर प्रभुभोजन मिळालं आणि आज तुम्हाला थांबवतात, हे उलटं झालं. पाळकसाहेबांकडे शांतपणे जा, नवऱ्याला सोबत न्या, आणि सांगा: मला क्षमा करायची आहे, अजून पूर्ण जमत नाही, म्हणूनच मला त्या मेजाची गरज आहे. ते भले गृहस्थ असतील तर ऐकतील. नाही ऐकलं, तर दुसऱ्या एखाद्या ज्येष्ठ पाळकांशी बोला. पण मेज सोडू नका.

बहीण कोर्टाचं म्हणते. त्यावर कुणीतरी तुम्हाला करिंथकरांस त्याच पहिल्या पत्राचा सहावा अध्याय वाचून दाखवेल: भावाने भावावर फिर्याद करू नये, त्यापेक्षा अन्याय सोसावा. खरं आहे, सातव्या ओळीत तसं आहे. पण पाचवी ओळ आधी येते. भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय, असं पौल मंडळीला विचारतो. जी मंडळी पाचव्या ओळीच्या वेळी गप्प बसली, तिने सातवी ओळ विधवेच्या लेकीला ऐकवू नये.

आणि आपल्या वाट्याचं मागणं म्हणजे लोभ नव्हे. गणना पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली, बाप वारला, भाऊ नाही, अशा मोशेपुढे आणि सगळ्या मंडळीपुढे उभ्या राहतात आणि बापाच्या वतनात हिस्सा मागतात. परमेश्वर म्हणतो, या मुली म्हणतात ते रास्त आहे. आपल्या देशातही ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला, तर भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ नुसार त्याच्या मिळकतीचा एक तृतीयांश विधवेला आणि दोन तृतीयांश मुलांना मिळतो. त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. म्हणजे तुमचा आणि बहिणीचा वाटा आईच्या वाट्याहून वेगळा होता. आईच्या सहीने तो गेला का, इतक्या वर्षांनी दावा मुदतीत बसेल का, हे कागद बघून वकीलच सांगू शकतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील आणि सल्ला मिळतो. तुम्ही दोघी बहिणी एकदा जाऊन या. दावा करायचा की नाही हे नंतर ठरवा. काय गेलं हे नीट समजलं, म्हणजे काय सोडायचं हेही नीट ठरवता येतं.

आता क्षमा आणि भरवसा. या दोन गोष्टी तुमच्या पाळकांनी एकत्र बांधल्यात, आणि तुम्ही त्या गाठीतच अडकला आहात. योसेफाची गोष्ट आपण फार घाईने सांगतो: भावांनी विकलं, तो मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, मोठा अधिकारी झाला, त्याने माफ केलं. उत्पत्तीचे बेचाळीस ते पंचेचाळीस हे अध्याय सावकाश वाचा. भाऊ पहिल्यांदा धान्याला आले तेव्हा योसेफाने त्यांची पोती भरून दिली, पैसे गुपचूप परत ठेवले, आणि स्वतःची ओळख मात्र दिली नाही. भाकरी दिली, भरवसा दिला नाही. दुसऱ्या खेपेला ते आले तेव्हा आत जाऊन रडला, तोंड धुऊन बाहेर आला. मग प्याला बन्यामिनाच्या पोत्यात ठेवून त्याने बघितलं की धाकट्या भावाला ही माणसं आजही टाकून जातात का. तेव्हा यहूदा पुढे आला. वीस चांदीच्या नाण्यांना योसेफाला विकायची कल्पना ज्याची होती, तोच म्हणाला, याच्याऐवजी मला गुलाम ठेवा. हे ऐकल्यावर योसेफाला आवरेना. बदललेलं माणूस डोळ्यांनी बघितल्यावरच त्याने दार उघडलं. याला अविश्वास म्हणायचं का? देवाने तर योसेफाला कुठेच दोष दिलेला नाही.

पण त्याच योसेफाचं आणखी एक बघा. भावांनी विकल्यानंतर तो पोटीफर नावाच्या मिसरी अधिकाऱ्याच्या घरात राहिला, तुरुंगात राहिला, फारो राजाच्या दरबारात गेला. प्रत्येक ठिकाणी त्याने माणसांशी प्रामाणिकपणे काम केलं. तुरुंगात सकाळी दोन कैद्यांचे चेहरे उतरलेले दिसले, तर जवळ जाऊन त्याने विचारलं, आज तुमची तोंडं का उतरली? ज्याला आपल्याच भावांनी खड्ड्यात टाकलं, त्याला परक्यांचे चेहरे वाचता येत होते. भावांचा गुन्हा त्याने मिसरातल्या लोकांवर काढला नाही. पारख करायची तर त्याने भावांची केली, जिथे ती करायला हवी होती तिथे.

तुमच्या घरात हे असं होईल: काकांवर आणि त्यांच्या कागदांवर भरवसा ठेवायची तुम्हाला काहीही गरज नाही. दिरांनी तुमचं काही चोरलेलं नाही. त्यांच्याकडे जा, नळजोडणीचा नवा फॉर्म तुम्ही स्वतः आणा. सोलापुरात पाण्याची काय किंमत आहे हे तुम्हाला मी सांगायला नको, त्यांचं काम तुमच्यामुळे महिनाभर अडलंय. फॉर्म सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा, मग सासूबाईंची सही होऊ द्या. आणि घरात एक रीत ठेवा: यापुढे कुठलाही कागद वाचल्याशिवाय कुणीही सही करणार नाही. तुमची भीती अशी चांगल्या कामाला लागेल, आणि ती कुणा एकावर रोखलेली राहणार नाही.

नवऱ्याला मोबाईलचं सांगून टाका. त्यांना बहुधा ठाऊक असेल. महिन्यातून एकदा दोघांनी बसून बँकेचा सगळा हिशेब बघायचा, असं ठरवा. तुम्ही उजेडात बघितलंत तर अंधारात उठायची गरज उरणार नाही. मुलाला घराची हकीकत सांगा, पूर्ण, आजीच्या सहीसकट. त्याला काकाआजोबा हे नाव माहीत आहे. त्याच्या आईने कोणत्या वयात विडीची पानं कापली, हे त्याला माहीत नसावं. ते ऐकलं की तो तुम्हाला वेगळ्या नजरेने बघेल, आणि त्याचा तुम्हालाही उपयोग होईल.

शेवटी काकांकडे जायचं का, ते. माझं मत, एकदा जा. पाळक म्हणतात म्हणून नाही, चुलत भाऊ फोन करतो म्हणूनही नाही. तुमच्या मनातले काका चाळिशीतले आहेत, धडधाकट, हातात कागद घेतलेले. खाटेवर पडलेला, एक बाजू गेलेला म्हातारा तुम्ही अजून बघितलेला नाही. तो बघितल्याने त्यांचा अपराध कमी होणार नाही. पण तुमच्या घरात जो माणूस सगळ्यांच्या चेहऱ्यांवर दिसतो, तो आता तसा उरलेला नाही, हे डोळ्यांनी बघणं तुम्हाला हवं आहे, असं मला वाटतं.

नवऱ्याला सोबत घेऊन जा. अर्धा तास पुरे. फळं न्या, रिकाम्या हाताने जाऊ नका. 'मी माफ केलं' हे वाक्य जिभेवर आलं तरच बोला, कुणी सुचवलं म्हणून बोलू नका. ते माफी मागू लागले, तर 'जाऊ द्या, झालं ते झालं' म्हणून त्यांना थांबवू नका. इतक्या वर्षांनी ते बोलतायत, तर बोलू द्या. पूर्ण ऐका. त्यांना बोलता येत नसेल आणि तुम्हाला बोलावंसं वाटलं, तर आईचं नाव घेऊन एवढं म्हणा की त्या कागदाने आमचं घर गेलं, आणि तुमचा न्याय मी प्रभूवर सोपवायचा प्रयत्न करते आहे. आवाज चढवायची गरज नाही. खोलीत आणखी नातेवाईक जमले असतील तर हे बोलणं पुढच्या वेळेवर टाका. प्रार्थना करायला कुणी सांगितलं आणि नको वाटलं, तर नवऱ्याला करू द्या. कोणताही कागद पुढे आला, औषधाच्या बिलाचा का असेना, तिथे सही करू नका, घरी आणून वाचा. आणि निघताना चुलत भावाने पुढच्या भेटीचं विचारलं, तर तिथल्या तिथे शब्द देऊ नका. फोन करून कळवते म्हणा, आणि दोन-चार दिवसांनी, झोप कशी लागते ते बघून, काय ते ठरवा.